जाताना तापणारी गाडी

इंजिनाच्या तापमानाचा काटा पहिल्यांदा लाल पट्ट्याला टेकला तेव्हा आम्ही मोहोळच्या अलीकडे होतो आणि अप्पा मला हवेच्या दाबाबद्दल काहीतरी समजावत होते. वाक्य अर्धवट सोडून त्यांनी गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मागची ट्रॉली निमूटपणे थांबली होती. आम्ही दोघं खाली उतरलो आणि त्या वाफेकडे बघत राहिलो.

माझे वडील, म्हणजे अप्पा, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, देवदर्शनाला जातात. अप्पांनी एका वेल्डरला हाताशी धरून मोटारीला मागून जोडायची ट्रॉली बनवून घेतली. तिच्यात दुर्बीण, भिंगं, चुंबकं, पाण्याचं प्रेशर दाखवायच्या नळ्या, माणसाच्या डोळ्याचं लाकडी मॉडेल असं सगळं बसवलं आणि गावोगावच्या शाळांत जायला लागले. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, जीपच्या घाटाची. शाळेच्या आवारात ट्रॉलीची फळी खाली पडली की पोरं धावत यायची. शनिवारी सकाळी अप्पांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. इतर दिवशी ते गुडघ्याबद्दल बोलायचे, शनिवारी कधीच नाही.

मी या सगळ्यात कशी आले, तर मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पलंगाखाली ट्रंका नसायच्या, पत्रकांचे गठ्ठे असायचे. गुलाबी आणि पिवळा स्वस्त कागद, हाताला शाई लागणारा. अंगात येणं म्हणजे काय, मांत्रिकाकडे का जाऊ नये, हळदीचं पाणी लाल कसं होतं. शाळेत बाराखडी येण्याआधी मी त्या पत्रकांवरची मोठी अक्षरं जुळवत होते. पुढं मीही पत्रकं लिहायला लागले आणि आईच्या भाषेत सांगायचं तर तेव्हापासून मला साधं बोलता येईना. "मीठ दे म्हणाली तरी घोषणा वाटते," असं ती म्हणते. खोटं नाही ते.

आमचा अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा एक छोटा गट आहे, ट्रॉलीचे दौरेही त्याच्याच नावानं चालतात. त्याचे प्रमुख म्हणजे अप्पांचे जुने मित्र, भवानी पेठेतले. मी त्यांना काका म्हणते. तेलुगू विणकर कुटुंबातले, आयुष्यभर मागावर काम केलेले, अजूनही घरात एक माग चालू ठेवलेले. काकांचं अप्पांवर प्रेम आहे आणि म्हणूनच ते अप्पांशी कडक वागतात. त्या उन्हाळ्यात गाडी लागोपाठ तापायला लागली, एकदा तर एका शाळेची पोरं दुपारपर्यंत वाट बघत बसली आणि आम्ही रस्त्यातच. तेव्हा काका घरी आले आणि चहा संपायच्या आत बोलून मोकळे झाले. अकलूजच्या शाळेला आपण शब्द दिलाय, तिथं नीट पोचलात तर ठीक. तिथंही रस्त्यात बसायची वेळ आली तर ट्रॉली शहरातल्या एका कॉलेजला देऊन टाकायची, ते प्रयोगशाळेच्या बाजूला उभी करतील. ज्या पोरांना यायचं ती येतील.

काका गेल्यावर अप्पा म्हणाले, "कॉलेजच्या कोपऱ्यात कोण येतंय गं दुर्बीण बघायला."

तेवढंच. पण मला कळलं. दुर्बीण कुठं राहील, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. शनिवारी गावाकडं जायचं की घरी बसून गुडघा चोळायचा, यातलं काय वाट्याला येणार, हे त्या गाडीच्या काट्यावर ठरणार होतं.

आमच्या ओळखीचे मिस्त्री होते, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी सगळं क्रमानं पाहिलं. कुलंट पुरेसं होतं. पंख्याचा पट्टा ताणलेला होता. पाण्याचा पंप गळत नव्हता. रेडिएटरचं झाकण नवीन टाकलं. हेडगॅस्केट गेलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात, तेही नव्हते. रेडिएटरमध्ये मात्र पांढरा क्षार साचला होता. आमच्याकडे बोअरचं पाणी जड असतं, घाईत कधीतरी कुणीतरी तेच ओतलेलं. ते त्यांनी धुऊन काढलं, पण सगळा निघाला नाही असं स्वतःच सांगितलं. मग ट्रॉली जोडून हिप्परग्याच्या तलावापर्यंत एक फेरी मारून आले. काटा मध्यावरच.

"सर, गाडीत काय न्हाई," ते हात पुसत म्हणाले. "लोड झालंय. तुमी ते नवं लोखंडी स्टँड बसवलंय न्हवं दुर्बिणीला? तवापास्नंच सुरू झालंय बघा. आन् गाडीचं वय बी झालंय की."

वय झालं, हे वाक्य मला सहन होत नाही. माणसाबद्दल असो की यंत्राबद्दल. वय झालं हे काही कारण नव्हे. कारण शोधायचा कंटाळा आला की माणसं ते पुढं करतात. वय झालं म्हणजे नेमकं काय झिजलं, कुठं झिजलं, किती झिजलं, ते सांगा. मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं, जरा जास्तच जोरात. मिस्त्री शांतपणे ऐकत होते. मग अप्पांना म्हणाले, "पोरगी भाषण लई भारी करती. एक काम करा सर, बंपरला लिंबू-मिरची बांधा, म्हंजी तिचा राग तरी तिकडं जाईल."

अप्पा मोठ्यानं हसले. मी नाही हसले.

पण लोखंडी स्टँडचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. ते जड होतंच. त्याच महिन्यात बसवलं होतं. आणि मिस्त्रींनी एक गोष्ट खरीच उपयोगाची सांगितली होती. ट्रॉली ओढताना वरच्या गिअरमध्ये रेटत राहू नका, चढ आला की आधीच गिअर उतरवा, इंजिन फिरू द्या, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोरात चालतात. आणि काटा चढायला लागला तर गाडीचा हीटर पूर्ण उघडा, तो इंजिनाची उष्णता आत ओढतो. सोलापुरात हीटर! त्या गाडीच्या हीटरचा खटका जन्मापासून कुणी हलवला नव्हता. तो गंजून बसला होता, तोही मिस्त्रींनी मोकळा करून दिला.

पुढच्या शनिवारी आम्ही अक्कलकोटच्या बाजूला गेलो. गिअर उतरवत, सांभाळत. तरी काटा चढला. दोनदा थांबावं लागलं. येताना मात्र काही नाही. अगदी सुखात आलो, अप्पांनी गाणंही म्हटलं.

घरी आल्यावर जेवताना मी तेच म्हणाले. येताना गाडी कधीच तापत नाही. मागच्या वेळीही नाही, त्याच्या आधीही नाही. ट्रॉली तीच, स्टँड तेच, रस्ता तोच. वजनामुळं तापत असेल तर वजनाला जाण्या-येण्यातला फरक कसा कळतो?

अप्पांचा घास थांबला. डोळ्यांत ती शनिवारची चमक आली. त्यांनी लगेच उत्तरं मोजायला घेतली. येताना संध्याकाळ असते, हवा गार असते. येताना पत्रकं वाटून झालेली असतात, पाण्याची पिंपं रिकामी असतात, म्हणजे वजन कमी. शिवाय वारा. मोहोळकडे जाताना वारा समोरून येतो, इंजिनाला जास्त ओढावं लागतं.

"मग अक्कलकोटला?" मी म्हणाले. "तिकडं जाताना वारा मागनं होता."

"मागनं असला तर रेडिएटरला वारा कमी मिळतो की. तेवढंच तापणार."

"म्हणजे वारा पुढून असला तरी तापणार आणि मागून असला तरी तापणार? अप्पा, असं कुणी भोंदूबाबा बोलला असता तर आपण त्याच्यावर पत्रक काढलं असतं."

आई पानात भाजी वाढता वाढता म्हणाली, "काढा. बाप-लेकीनं मिळून काढा. आधी जेवा."

मला त्या रात्री अप्पांचा अभिमान वाटला, कारण ते रागावले नाहीत. वाऱ्याचं कारण त्यांनी तिथंच सोडून दिलं. उरली दोन, हवेचा गारवा आणि वजन. आता एकच करायचं, दोन्हींपैकी एक बदलायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं. शाळेत ते पोरांना हेच शिकवतात. पण गावाला जायचं म्हटलं की सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं, भरून जायचं आणि रिकामं यायचं. प्रयोग करायला जागाच नव्हती.

ती जागा एका मुख्याध्यापकांनी करून दिली. मोहोळच्या पुढच्या एका गावात आम्ही पोचलो, नेहमीसारखे वाटेत एकदा थांबून, इंजिन निववून. नेहमीच्या सवयीनं अप्पांनी उतरल्याबरोबर बॅनर सोडला आणि शाळेच्या फाटकावर टांगायला घेतला. तेवढ्यात मुख्याध्यापक धावत आले. साहेबांची अचानक तपासणी लागलीय, आज कार्यक्रम नको, पुन्हा कधीतरी या, माफ करा. अप्पांनी बॅनरची घडी घालून ट्रॉलीत ठेवली. एक पत्रक वाटलं नव्हतं, पिंपातलं पाणी सांडलं नव्हतं. डोक्यावर ऊन रणरणत होतं. आम्ही गाडी वळवली.

मी काट्याकडे बघत बसले. मला खात्री होती की आता तापणार. दुपार होती, वजन तसंच होतं. काटा मध्यावर आला आणि तिथंच बसला. मोहोळ गेलं. काटा हलेना. अप्पांनी मुद्दाम गिअर वर टाकला, चढावर रेटून बघितलं. काटा किंचित वर जाऊन परत खाली आला.

"गारवा गेला," अप्पा हळूच म्हणाले. "वजन बी गेलं."

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. आनंद नव्हता तो. कुणीतरी समोर बसून उत्तर माहीत असूनही सांगत नाही, तसं वाटत होतं. मग तिसरं काय? सकाळी या गाडीला जे होतं आणि आत्ता नाही, असं काय आहे? मी मनात गाडी पुन्हा सकाळसारखी उभी केली. दिवे, बंपर, पुढचा लोखंडी गार्ड. आणि गार्डवर...

"अप्पा, गाडी थांबवा."

त्या बॅनरबद्दल सांगायला हवं. अप्पांना फ्लेक्सचा भयंकर राग. वाढदिवसाचे प्लास्टिकचे फलक चौकाचौकांत लागतात, ते बघून ते रस्त्यात उभे राहून बोलायला लागतात. त्यामुळं ट्रॉलीला फ्लेक्स लावायचा प्रश्नच नव्हता. कापडी बॅनर फाटायचे, रंग उडायचा. म्हणून काकांनी त्यांच्या मागावर एक सोलापुरी चादर विणून दिली होती, अक्षरांसकट. निळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं, विणीतच उमटवलेली, धुतली तरी जाणार नाहीत अशी. "विचारा, तपासा, मग ठरवा." इतकी सुंदर की आम्ही सगळे ती हातोहात फिरवत राहिलो. आणि ती कुठं बांधायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. मोर्चात बॅनर पुढं असतो. आम्ही आयुष्यभर तेच केलेलं. ती दुहेरी घडी घालून, ताणून, गार्डवर बांधली, म्हणजे वाऱ्यानं फडफडायला नको. रेडिएटरच्या जाळीच्या बरोबर पुढं. आणि तीही दुर्बिणीच्या स्टँडच्याच महिन्यात आली होती.

मिस्त्रींकडे नेताना ती घरी असायची. परत येताना ती घडी होऊन ट्रॉलीत असायची. दर वेळी आम्ही बॉनेट उघडण्यासाठी ती बाजूला सारत होतो आणि आत कारण शोधत होतो.

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी हे सगळं एका दमात बोलले. अप्पा ऐकत होते. मला वाटलं ते हसतील किंवा कपाळावर हात मारतील. ते ट्रॉलीकडे गेले, चादर काढली आणि मला म्हणाले, "धर दुसरी बाजू."

"कशाला?"

"आता परत बांधायची. काढल्यावर तापत न्हाई एवढ्यानं काय सिद्ध झालं? बांधल्यावर तापलं पायजे."

"अप्पा, इंजिनाचं काय होईल?"

"लाल पट्ट्याच्या अलीकडं थांबू. पण बघायचं तर नीट बघायचं."

भर उन्हात, चांगली चालणारी गाडी आम्ही मुद्दाम तापवायला निघालो. काटा चढायला लागला तेव्हा अप्पा खिडकीतून बाहेर तोंड काढून चक्क खूश झाले. थांबलो, चादर सोडली, इंजिन तसंच चालू ठेवलं. काटा खाली आला. पुन्हा बांधली, चढला. पुन्हा सोडली, उतरला. एक ट्रकवाला थांबून आम्हाला काय अडचण आहे विचारायला लागला. अप्पांनी त्याला सांगितलं, अडचण काहीच नाही, गाडी तापतेय का बघतोय. तो गेला. जाताना त्यानं आरशातून दोनदा आमच्याकडे बघितलेलं मला दिसलं.

खरी अडचण पुढंच होती. काकांना सांगायचं होतं. चादर त्यांनी विणली होती. ती किती रात्री बसून विणली हे काकूंनी आम्हाला सांगितलं होतं.

अप्पांनी सरळ सांगितलं. काकांचा चेहरा पडला नाही, कठीण झाला. त्यांचं म्हणणं होतं, चादरीतून वारा जातो. सूत आहे ते, प्लास्टिक नाही. लोक पांघरतात, गुदमरतात का? गाडीतला दोष कापडावर ढकलायचा हे बरं नाही. मला तोंड उघडायचं होतं, माझ्याकडे एक पूर्ण भाषण तयार होतं. अप्पांनी नजरेनं गप्प केलं आणि चादर दुहेरी घडी घालून काकांच्या हातात दिली.

काकांनी ती तोंडासमोर धरली. दुसऱ्या बाजूला तळहात ठेवला. फुंकर मारली. थांबले. पुन्हा मारली, गाल फुगवून, सगळा जीव लावून. मग घडी उलगडून एकेरी धरली आणि परत फुंकली. तळहात पुढं-मागं करून बघितला.

बराच वेळ ते चादरीच्या विणीवरून बोटं फिरवत राहिले.

"लईच घट्ट ठोकली की मी," ते शेवटी म्हणाले. आवाजात लाज शोधत होते मी. सापडली नाही. "असली वीण आता कोण घालतंय?"

पण अकलूजची अट त्यांनी सोडली नाही. चादर हे एक कारण असेल, एकमेव असेल कशावरून? रेडिएटरमध्ये क्षार आहे असं मिस्त्री म्हणतात, त्याचं काय? चादर मागं बांधा, आणि मी स्वतः गाडीत बसतो. हे ऐकून अप्पांना बरं वाटलं असावं. प्रश्न विचारला की त्यांना माणूस आपला वाटतो.

त्या शनिवारी चादर ट्रॉलीच्या मागच्या फळीवर होती, ट्रकवाल्यांना वाचायला. काका मागच्या सीटवर, दोन सीटांच्या मधून मान पुढं काढून, नजर काट्यावर. टेंभुर्णीपर्यंत काही झालं नाही. अप्पा पुन्हा हवेच्या दाबावर बोलायला लागले. मग उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. ऊन चढलेलं, वेग मेलेला, समोरून वारा नाही. काटा मध्याच्या वर सरकला. अप्पांचं बोलणं थांबलं. तो आणखी सरकला.

काकांची मान मागून आणखी पुढं आली. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं.

"क्षार," अप्पा म्हणाले. "तो बी हायच म्हणायचा." त्यांनी गिअर उतरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खटका ओढ."

मी हीटर पूर्ण उघडला. पायांवर भट्टीसारखी हवा यायला लागली. एप्रिलमधलं ऊन बाहेर, आणि आत आम्ही तिघं हीटर लावून. काकांच्या टकलावरून घाम ओघळत होता, माझी ओढणी ओली झाली, अप्पांचा चष्मा सारखा घसरत होता. कुणी खटक्याला हात लावला नाही. काटा काही वेळ तिथंच थांबला, जणू विचार करतोय. मग अगदी हळू मागं आला. ट्रॅक्टर एका शेताकडे वळला, रस्ता मोकळा झाला, वारा लागला आणि काटा मध्यावर.

अकलूजला पोचलो तेव्हा शाळा भरत होती. आम्ही तिघं उतरलो ते विहिरीतून वर आल्यासारखे. पोरं आधी आमच्याकडेच बघून हसली. अप्पांनी त्यांना ट्रॉलीकडे नेण्याआधी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या जाळीसमोर एका मुलीला चादर धरायला लावली. पंख्यानं ती कशी आत ओढली जाते ते सगळ्यांना हात लावून बघू दिलं. आमच्या हीटरची गोष्ट ऐकून तिनं विचारलं, मग हीटरनं गाडी गार कशी होईल, हीटर तर गरम करतो. अप्पांना दुर्बिणीचा विसर पडला.

दुपारी शेजारच्या गावातले एक शिक्षक आले होते. त्यांनी अप्पांना विचारलं, आमच्याकडे कधी येता? अप्पांनी काकांकडे पाहिलं. ते उत्तर त्यांच्या हातात नव्हतं, आणि ते मलाही दिसत होतं.

काका पंच्यानं मान पुसत होते. "माझ्याकडं काय बघताय?" ते म्हणाले. "शनिवार मोकळा हाय न्हवं तुमचा?"

अप्पा त्या शिक्षकांकडे वळले. हो म्हणाले नाहीत, तारीखही सांगितली नाही. आधी विचारलं, "तुमच्या रस्त्याला चढ कितपत हाय?"